बोट बीप करत नाही

मंडळी, उद्या हापिसात गेलात की लिफ्टमधल्या त्या छोट्या पाटीकडे एकदा नीट बघा. 'क्षमता : ८ व्यक्ती, ५४४ किलो.' म्हणजे माणशी ६८ किलो धरलेत. (आपल्या टीमचं सरासरी वजन बघता हा हिशोब जरा आशावादी आहे, पण ते असो.) नववा माणूस आत शिरला की लिफ्ट बीप करते. दार मिटत नाही. सगळे एकमेकांकडे बघतात, शेवटी आलेला माणूस ओशाळून बाहेर पडतो आणि पुढच्या लिफ्टची वाट बघतो. कुणी हुज्जत घालत नाही, 'अहो, एकाने काय होतंय' म्हणत नाही. चार मजले चढायचे असतात फक्त.

या बीपच्या मागे कायदा आहे. मुंबई लिफ्ट अधिनियम १९३९ सालचा, त्याच्या जागी २०१७ साली नवा आला. लिफ्ट बसवायला परवाना लागतो, तपासायला निरीक्षक येतो, आणि काही बिघडलं तर कुणाला धरायचं हे आधीपासून लिहिलेलं असतं.

आता हेच आठ जण शनिवारी पहाटे निघतात. नाशिक हायवे, आळेफाटा, संगमनेर, अकोले, भंडारदरा. दुपारी शेंडीला पोचतात आणि एका फायबरच्या बोटीत बसतात. बोटीत आधीच सहा जण आहेत. कुठेही पाटी नाही. समोर विल्सन धरणाची ८० मीटरच्या वर उंच भिंत आहे, त्यावरून खाली किती पाणी असेल ते ज्याने त्याने ओळखावं. आणि बोट काही बीप करत नाही.

माझा मुद्दा या एका वाक्यात आहे. जी वस्तू स्वतः बीप करत नाही तिच्यासाठी बीप करणारा माणूस नेमावा लागतो, त्याचं नाव आणि फोन नंबर धक्क्यावर लिहावा लागतो. महाराष्ट्रातल्या धरणांवर हा माणूस मला कुठे दिसलेला नाही. नियम अद्ययावत करायचे तर सुरुवात इथून व्हायला हवी. बाकी सगळं नंतर.

मे २०२४ चा एक आठवडा आठवा. २१ तारखेला संध्याकाळी उजनीच्या पाण्यात, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत ७ जण होते. एक पोलीस अधिकारी पोहून बाहेर आला, ६ जण गेले. त्यात लहान मुलं होती. दोनच दिवसांनी, २३ तारखेला, आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण जीभ अजून वळत नाही) अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या तरुणाचा शोध घ्यायला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचं पथक उतरलं होतं. धुळ्याहून आलेलं. त्यांचीच बोट उलटली आणि दलाचे ३ जवान गेले.

सुगावची बोट मौजमजेची नव्हती हे मला माहीत आहे. तरी ती घटना इथे आणतोय, कारण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. पाण्यातून माणसं काढण्याचं प्रशिक्षण घेतलेली माणसंसुद्धा वाहत्या पाण्यात जाऊ शकतात. आणि हे पथक यायला धुळ्याहून यावं लागतं. म्हणजे अकोल्यात, राहुरीत, शेवगावात बोट उलटली तर पहिली पंधरा मिनिटं तुमच्याकडे काय असणार? अंगावरचं जॅकेट आणि काठावरचा एखादा मासेमार, एवढंच. आपल्याकडे बोटीच्या सुरक्षिततेचा सगळा विचार बोट बुडाल्यानंतरचा आहे. आमच्या धंद्यात सांगायचं तर टेस्टिंग शून्य, आणि प्रॉडक्शन कोसळल्यावर पन्नास माणसं कॉलवर.

मग ठरलेला सोहळा सुरू होतो. पहिल्या दिवशी शोक. दुसऱ्या दिवशी चौकशीचे आदेश. तिसऱ्या दिवशी 'लाईफ जॅकेट सक्तीचे'. चौथ्या दिवशी त्या ठिकाणची सगळी बोटिंग बंद. दोन-तीन महिन्यांनी बोटी पुन्हा सुरू, जॅकेटं सीटखाली. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जण गेले. नीलकमलला परवानगी होती ८४ प्रवाशांची, आत होते शंभरावर. त्यानंतर तिथे प्रत्येक प्रवाशाला जॅकेट सक्तीचं झालं. चांगलं झालं. पण गेटवे हे राज्यातलं सगळ्यात जास्त नजरेखालचं पाणी आहे. तिथे मेरीटाईम बोर्ड आहे, बंदर खातं आहे, पोलीस आहेत, तटरक्षक दल आहे, नौदल आहे. तिथे ही कथा असेल तर भंडारदऱ्याला, मुळा धरणावर, नाथसागराच्या नेवासे-शेवगावकडच्या काठावर काय असेल याचा विचार करा.

आपण शाळेत ७२० किलोमीटरचा किनारा पाठ केला, त्यामुळे बोट म्हटलं की कोकण डोळ्यांपुढे येतं. पण देशातली सगळ्यात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, आणि पुण्या-नाशकातून वीकांताला निघणारी गर्दी आता या धरणांवर असते. तंबू, बार्बेक्यू, मेअखेरीस काजवे, आणि पॅकेजमधे 'बोटिंग इन्क्लुडेड'. नियम मात्र अजून मनाने किनाऱ्यावरच आहेत.

आता भंडारदऱ्याचंच घ्या. पाणी आणि धरण जलसंपदा खात्याचं. काठावरचं बरंचसं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं, म्हणजे वनखात्याचं. गावठाण ग्रामपंचायतीचं. पर्यटक पर्यटन खात्याचे. बोटीची नोंदणी हा मेरीटाईम बोर्डाचा विषय, आणि त्याचं मुख्य कार्यालय मुंबईत. बुडाल्यावर पंचनामा पोलिसांचा आणि आपत्ती व्यवस्थापन जिल्हाधिकाऱ्यांचं. मोजा, सहा-सात झाले. आता सांगा, शनिवारी दुपारी चार वाजता रतनवाडीकडे निघालेल्या बोटीत पंधरावा माणूस चढत असताना 'उतर' म्हणण्याचा अधिकार आणि जबाबदारी यांपैकी कुणाची?

आयटीतल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ज्या मॉड्यूलचे सात ओनर असतात त्याचा एकही नसतो. बग आला की प्रत्येक जण तिकीट दुसऱ्याच्या नावावर टाकतो आणि शेवटी ते 'ॲज डिझाइन्ड' म्हणून बंद होतं. फरक इतकाच की इथे तिकिटाच्या जागी पंचनामा असतो.

कायदे नाहीत असं म्हणू नका, कायदे आहेत. १९१७ सालचा जुना कायदा काढून संसदेने २०२१ साली इनलँड व्हेसल्स कायदा केला. इंजिनावर चालणाऱ्या बोटींची नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र, विमा, बोट चालवणाऱ्याची पात्रता, जीवरक्षक साधनं, सगळं त्याच्या कक्षेत आहे. अंमलबजावणी राज्याकडे दिली आहे. बिनइंजिनाच्या, वल्ह्याच्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवायची सोयसुद्धा आहे. त्याच वर्षी ऑगस्टमधे राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, हवा आणि पाणी या तिन्ही ठिकाणच्या उपक्रमांना नोंदणी बंधनकारक केली. कागदावर बघाल तर आपण बरेच पुढे आहोत.

आणि त्याच २०२१ साली संसदेने आणखी एक कायदा केला, धरण सुरक्षा कायदा. तो वाचताना मला खरी गंमत वाटली (गंमत म्हणजे चीड). त्यात प्रत्येक धरणाला मालक ठरवलाय. मालकाने सुरक्षा कक्ष ठेवायचा, दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी करायची, नोंदी ठेवायच्या, कसूर झाली तर शिक्षा. म्हणजे जबाबदारी एका ठिकाणी कशी बांधायची हे आपल्याला छान कळतं. भिंतीसाठी कळतं. भिंतीच्या आतल्या पाण्यावर तरंगणाऱ्या चौदा माणसांसाठी कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं, नियम करताना शंभर कलमं आणखी वाढवू नका. पाच गोष्टी करा, पण अशा करा की धक्क्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही पर्यटकाला त्या पाळल्या जातायत की नाही हे डोळ्यांनी दिसेल.

१. प्रत्येक जलाशयाला एक अधिकारी. माझ्या मते तो जलसंपदा खात्याचाच असावा, कारण धरणावर त्यांची चौकी आहे, माणूस आहे, आणि पावसाळ्याआधी तपासणीला ते येणारच आहेत. त्याच फेरीत बोटी तपासा. पर्यटन, वन, मेरीटाईम बोर्ड यांनी आपापली माणसं त्याच्या मदतीला द्यावीत. पण नाव एकच, आणि ते धक्क्यावर फलकावर. बोट थांबवायचा अधिकारही त्याचाच.

२. बोटीवर बाहेरून, दुरून वाचता येईल असा नंबर आणि प्रवाशांची संख्या. मराठीत, मोठ्या अक्षरात. 'प्रवासी १०.' अमेरिकेत १९७१ च्या बोट सुरक्षा कायद्यानंतर छोट्या मोटारबोटींवर अशी क्षमतेची पट्टी लावणं बंधनकारक झालं. त्याच्याबरोबर बोटीच्या कुशीवर एक रंगीत रेघ मारा. रेघ पाण्याखाली गेली की बोट भरली. वजन वाढलं की बोटीचा काठ पाण्याच्या जवळ येतो, मग एका बाजूला सगळे सेल्फीसाठी सरकले किंवा एक लाट आडवी आली की पाणी आत शिरतं, आणि आत आलेलं पाणी बोट आणखी कलवतं. हे सगळं काही सेकंदांत होतं. रेघ ही बोटीची बीप. फुकटात.

३. जॅकेट अंगात घातल्याशिवाय दोर सुटणार नाही. 'बोटीत उपलब्ध' असणं म्हणजे काहीच नसणं. अमेरिकन कोस्ट गार्डचा २०२३ चा विदा बघा. तिथे मौजेच्या बोटिंगमधे ५६४ माणसं गेली. मृत्यूचं कारण कळलेल्यांत तीन चतुर्थांश बुडून, आणि जॅकेटची नोंद असलेल्या बुडालेल्यांपैकी ८७ टक्क्यांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. आणि जॅकेट म्हणजे केशरी कापडात कोंबलेला थर्माकोल नव्हे. आयएसओ १२४०२ या मानकात पातळ्या दिल्यात. ५० न्यूटनचं, म्हणजे साधारण ५ किलो उचल देणारं, फक्त पोहता येणाऱ्यांसाठी. १०० न्यूटन आणि वरची जॅकेटं अशी बनवतात की शुद्ध हरपलेल्या माणसाचंही तोंड पाण्याबाहेर वळावं. आपल्याकडे बहुसंख्य लोकांना पोहता येत नाही, तेव्हा आपली किमान पातळी १०० हवी. लहान मुलांची मापं वेगळी हवीत. मोठ्यांच्या जॅकेटातून चार वर्षांचं पोर सरळ खाली निसटतं.

४. वाऱ्याचा नियम. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याबद्दल कुणीच बोलत नाही. उजनीच्या बोटीत ७ च माणसं होती. तिथे गर्दी नव्हती, वारा होता. आपला पर्यटनाचा हंगाम बघा : मेच्या सुट्ट्या, उकाडा, काजवे. आणि वळवाचा हंगामही तोच. दिवसभर आकाश कोरं, चार-पाचच्या सुमारास ढग भरून येतात आणि पावसाच्या आधी वारा सुटतो. उजनीसारख्या पसरट पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं, भंडारदऱ्याला डोंगरांच्या मधून तो घुसतो. हवामान खातं आता पुढच्या तीन तासांचा इशारा जिल्हावार देतं, त्यात वाऱ्याचा वेगही असतो. नियम एका ओळीत होईल : जिल्ह्यासाठी वादळी वाऱ्याचा इशारा चालू असताना बोट सुटणार नाही, धक्क्यावर लाल झेंडा. सूर्यास्तानंतर तर मुळीच नाही.

५. अपघात आणि 'थोडक्यात वाचलो' या दोन्हींची जाहीर नोंद. विमानांच्या बाबतीत जग हे कित्येक वर्षं करतंय. आपण सर्व्हर पडला तरी पोस्टमॉर्टेम लिहितो, काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात झुंजला वर्धा नदीत नाव उलटून एकाच गोतावळ्यातली ११ माणसं गेली. त्या दिवसातून उजनीच्या नावाड्यापर्यंत काय पोचलं? काही नाही. प्रत्येक धरण आपला धडा आपल्याच मढ्यांवर शिकतं.

आता नेहमीचे आक्षेप.

'लोकच ऐकत नाहीत हो.' खरंय. पण लोक लिफ्टचं ऐकतात. विमानात पट्टा बांधतात. मेट्रोत पिवळ्या रेघेच्या मागे उभे राहतात. तेच लोक, तोच शनिवार. जिथे व्यवस्था ठाम असते तिथे लोक सुधारतात आणि जिथे ती हात झटकते तिथे बेशिस्त होतात. एका धरणावर (नाव सांगत नाही) मी जॅकेट मागितलं तर नावाड्याने सीटखालून सहा काढून दाखवली. आम्ही चौदा होतो. 'पोलीस आले की घालायची,' तो म्हणाला. मी उतरलो, माझ्याबरोबर आणखी दोघं. बाकीचे गेले, आणि सुखरूप परतही आले. घोळ नेमका इथेच आहे. शंभरातल्या नव्व्याण्णव फेऱ्या सुखरूप परत येतात आणि प्रत्येक फेरी नावाड्याला, पर्यटकाला, साहेबाला एकच शिकवते की काही होत नाही.

'नावाडी गरीब आहे, त्याच्या पोटावर का मारता?' हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच 'बोटिंग बंद करा' या मागणीला माझा विरोध आहे. अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यात काजव्यांचे आणि पावसाचे मिळून चार-पाच महिने काय कमाई होते ती. आणि सगळ्या बोटी मौजेच्या नसतात. कुगाव-कळाशीची बोट तिथल्या लोकांची एसटी होती, कारण पाण्याने समोर दिसणारं गाव रस्त्याने लांब पडतं. आमच्याच कर्जत तालुक्यातल्या सिद्धटेकला पूल होण्याआधी माणसं शिरापूरहून नावेतूनच भीमा ओलांडत, बाप्पाचं नाव घेत. बंदी घातली की बोटी थांबत नाहीत, फक्त अंधारात सुटतात. तेव्हा जॅकेटं सरकारने द्यावीत, नावाड्यांना प्रशिक्षण आणि दाखला फुकट द्यावा, विम्याचा पहिला हप्ता भरावा. खर्च? बरं जॅकेट हजार-दोन हजारात येतं. वीस बोटींच्या धक्क्याला दोन-तीनशे जॅकेटं धरली तरी हिशोब चार-सहा लाखांवर जात नाही. एका स्वागत कमानीचा खर्च याहून जास्त असेल. कमान मात्र होते.

'आमच्याकडे कधी काही झालेलं नाही.' १८ जानेवारी २०२४ च्या सकाळपर्यंत वडोदऱ्याच्या हरणी तलावावरही हे म्हणता आलं असतं. संध्याकाळपर्यंत १२ शाळकरी मुलं आणि २ शिक्षिका गेल्या होत्या. ठरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त मुलं बोटीत, आणि जॅकेटं काहींनाच. केरळात तानूरला ७ मे २०२३ ला २२ गेले, मासेमारीच्या बोटीची पर्यटन बोट केली होती. रविवारची संध्याकाळ होती, सूर्य मावळला होता. वर जे पाच नियम लिहिले त्यांपैकी एकेक नियम कुठे ना कुठे माणसांनी किंमत मोजून आपल्याला सांगून ठेवलाय. आपण फक्त उतरवून घ्यायचा आहे.

शेवटी आपल्याबद्दल. आपण म्हणजे मी आणि तुम्ही, पगार महिन्याच्या एक तारखेला घेणारे. धरणावरचा बोटीचा धंदा आपल्या पैशावर चालतो. काठावर उभं राहून चार प्रश्न विचारायला कुठलाही जीआर लागत नाही : बोटीत किती माणसं बसतात? सगळ्यांना जॅकेट आहे का, आणि पोराच्या मापाचं? बोटीचा नंबर काय? आज वाऱ्याचा इशारा आहे का? उत्तर नीट आलं नाही तर बसू नका, आणि पॅकेजवाल्याला पैसे परत मागा. पोट्ट्यांनी 'डरपोक' म्हटलं तर म्हणू द्या. रिव्ह्यू लिहिताना नाश्त्याच्या मिसळीबरोबर जॅकेटांबद्दलही दोन ओळी लिहा.

पण हे नियमाला पर्याय नाही, हेही स्पष्ट सांगतो. सहलीला आलेल्या चौथीतल्या मुलीने हे चार प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा कुणी करू नये. हरणीच्या मुलांनी ते विचारायचे नव्हते. ते विचारायला पगारी माणूस हवा, त्याचं नाव फलकावर हवं, आणि पंधरावा माणूस चढायला लागला की त्याने शिट्टी वाजवायला हवी.

आपण चार मजल्यांसाठी हे केलंय. आता पाण्यासाठी करा. यंदाचे काजवे दिसायच्या आत.